एनटी-प्रोबीएनपी नॉर्मल, ईएफ ६०, तरी आईला एका जिन्यात धाप लागते. वजनामुळे हार्ट फेल्युअरचं निदान चुकू शकतं का?

प्रश्न

आईचं वय ६३. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ८९ किलो, म्हणजे बीएमआय साडेअडतीस. रक्तदाबाच्या दोन गोळ्या नऊ वर्षांपासून चालू आहेत. साखर काठावर आहे. दमा नाही, सिगारेट-तंबाखू कधीच नाही.

गेल्या दीड वर्षात काय काय बदललं ते जरा सविस्तर लिहिते. डॉक्टरांपुढे बसलं की आई "तशी बरी आहे" एवढंच म्हणते, आणि मी सांगायला लागले की मलाच वाटतं आपण वाढवून सांगतोय.

आधी ती एक जिना न थांबता चढायची. आता मधल्या वळणावर थांबते, कठड्याला हात लावते आणि माझ्याशी काहीतरी विषय काढते. विषय महत्त्वाचा नसतो, हे आता मला कळतं. तेवढ्यात तिला चार श्वास मिळतात. चपलेचा पट्टा लावायला खाली वाकली की वर येईपर्यंत श्वास कोंडतो, म्हणून हल्ली खुर्चीवर पाय ठेवून पट्टा लावते. रात्री एका उशीवरून तीन उशांवर आली आहे. संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर रबराची खाच उमटलेली असते, माझ्या करंगळीचं पेर आडवं बसेल एवढी. एकदा मी नडगीवर अंगठा दाबून धरला, मनात दहा अंक मोजले आणि उचलला. खड्डा पडला. मी आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आले, तरी तो भरला नव्हता.

तपासण्या सगळ्या झाल्या आहेत. ईसीजी ठीक. एक्स-रेत विशेष काही नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, क्रिएटिनिन ठीक. इकोमध्ये ईएफ, म्हणजे हृदयाची रक्त बाहेर फेकण्याची ताकद, ६० टक्के, आणि रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात "पुअर विंडो, मर्यादित अभ्यास" असं लिहिलंय. एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी, १०८, छापील मर्यादा १२५ च्या खाली.

पहिल्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "हार्ट फेल्युअर नाही. वजन उतरवा, सगळं बरं होईल." आई परत येताना गाडीत गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलंय." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

गेल्या आठवड्यात बीपीसाठी दुसऱ्या एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी तोच कागद पाहिला आणि सहज म्हणाले, "एवढ्या वजनात १०८ ला मी नॉर्मल म्हणणार नाही." पण गर्दी होती, पुढचं बोलणं राहून गेलं. पुढची वेळ तीन आठवड्यांनी आहे.

तर मला समजून घ्यायचंय. तोच आकडा एकाला नॉर्मल आणि दुसऱ्याला नाही, असं कसं? वजन जास्त असलेल्या माणसात या तपासण्यांवर किती भरवसा ठेवायचा? आणि तीन आठवड्यांनी मी नेमकं काय विचारू?


उत्तर १ (इको करणारी)

ताई, मी अठरा वर्षं इको करते आहे. निदान करणं डॉक्टरांचं काम, त्यात मी शिरत नाही. पण तुमच्या रिपोर्टच्या तळाशी जी बारीक ओळ आहे ना, तिच्याबद्दल मला सांगावंसं वाटतं, कारण ती ओळ मी हजारदा लिहिली आहे आणि ती कुणी वाचत नाही.

इको म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेलं चित्र. लहर त्वचेतून, चरबीतून, दोन फासळ्यांच्या फटीतून हृदयापर्यंत जायची आणि तशीच परत यायची. वाटेत थर जाड असला की परत येणारा आवाज क्षीण होतो. पडद्यावर हृदयाची भिंत दिसण्याऐवजी धुकं दिसतं. मी प्रोब दाबते, पेशंटला डाव्या कुशीवर वळवते, श्वास सोडून धरायला सांगते, कधी कधी चार मिनिटं एकाच कोनासाठी झगडते. तरी भिंतीचे दोन-तीन तुकडे दिसतच नाहीत. अशा वेळी "६० टक्के" हा बऱ्याचदा नजरेचा अंदाज असतो. तो बरोबरही असेल, पण मोजलेला असेलच असं नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन पोकळीची कड स्पष्ट करता येते. सोय असेल तिथे ते जरूर मागा.

आता दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. ईएफ म्हणजे हृदय भरलेल्या रक्तातलं किती टक्के बाहेर फेकतं. ते भरताना किती कडक होतं, आत दाब किती चढतो, याबद्दल ईएफ काहीच सांगत नाही. ईएफ ५० च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असतं, त्याला डॉक्टर हेफपेफ म्हणतात. जास्त वजन, बीपी, साठीपुढचं वय, बाई माणूस, या सगळ्यांशी त्याची जवळीक आहे. त्यामुळे "ईएफ ६०, काळजी नको" हे वाक्य इथे पुरत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये तीन आकडे शोधा. ई बाय ई-प्राइम (हृदय भरताना आत दाब किती चढतो त्याचा अंदाज), टीआर जेटचा वेग (उजव्या झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा, त्यावरून फुफ्फुसाच्या धमनीतला दाब काढतात), आणि डाव्या कर्णिकेचं आकारमान, म्हणजे लेफ्ट एट्रियल व्हॉल्यूम. शेवटचा आकडा दोन प्रकारे लिहिलेला असतो, नुसता मिलिलिटरमध्ये आणि शरीराच्या पृष्ठफळाने भागून. भागून येणारा आकडा ३४ च्या वर गेला तर कर्णिका मोठी समजतात. इथेच वजनाची गोम आहे.

समजा आईची कर्णिका ६० मिलिलिटर आहे. तिच्या उंची-वजनाला पृष्ठफळ येतं साधारण १.९४ चौरस मीटर. भागाकार ३१. नॉर्मल! आता तीच बाई, तीच १५२ सेंटिमीटर उंची, पण वजन ६० किलो धरा. पृष्ठफळ १.५९, भागाकार जवळजवळ ३८. मोठी! कर्णिका तीच, फक्त भागणारा आकडा फुगला. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा मशीनसमोर बसूनच राहिले होते. किती जणींच्या रिपोर्टवर मी "लेफ्ट एट्रियम नॉर्मल" टाइप केलं असेल! उंचीच्या वर्गाने भागायची पद्धत आहे, आणि वजन जास्त असलेल्यांत ती जास्त न्याय देते. आता मी नुसते मिलिलिटर ठळक लिहिते आणि डॉक्टरांना तोंडीही सांगते.

आकडे मिळाले तर इथे टाका.


उत्तर २ (फिजिशियन)

मी जनरल मेडिसिनचा डॉक्टर. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांना काय आहे हे मी इथून सांगणार नाही. पण तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आमच्याच लोकांना पुरेसं माहीत नसतं, म्हणून वेळ काढून लिहितो.

बीएनपी हा हृदयाच्या भिंतीतून येणारा स्राव आहे. भिंत ताणली गेली की तो सुटतो. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी एकाच मूळ रेणूचे दोन तुकडे. ताण जास्त तर आकडा जास्त, एवढं गणित आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो आणि बहुतेक वेळा ते चालतं. वजन जास्त असलेल्या माणसात मात्र ते गणित खाली सरकतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या दीर्घ पाहणीत २००४ साली हे स्वच्छ दिसलं होतं: हार्ट फेल्युअर नसलेल्या माणसांतही, वजन जितकं जास्त तितका बीएनपी कमी.

कारणं एकाहून जास्त आहेत. चरबीच्या पेशींवर हे रेणू उचलून नेणारे रिसेप्टर असतात, असं आम्ही पूर्वी भरवशाने सांगायचो. पण एनटी-प्रोबीएनपी त्या वाटेने जातच नाही, तरी तोही कमी असतो. म्हणजे नुसता निचरा जास्त नाही, मुळात तयारच कमी होतो. आणि तिसरं कारण मला सगळ्यात पटतं. हृदयाभोवती एक आवरण असतं, पेरिकार्डियम. ते फारसं ताणत नाही. लठ्ठपणात त्या आवरणाच्या आत चरबी साठते, रक्ताचं एकूण आकारमान वाढतं, हृदय मोठं होतं. आवरण गच्च भरतं आणि बाहेरून हृदयाला दाबतं. भिंतीवरचा ताण हा आतला दाब आणि बाहेरचा दाब यांच्या फरकावर ठरतो. आत दाब चढलेला आहे, पण बाहेरूनही रेटा आहे, मग भिंत ताणली जाणार किती? फुफ्फुसाकडे मात्र आतला पूर्ण दाब उलटा जातो. धाप खरी असते, आकडा गप्प असतो.

आता मर्यादांकडे. बाह्यरुग्णात एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी, हा ढोबळ नियम. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या हार्ट फेल्युअर असोसिएशनने २०२३ मध्ये सुचवलं की बीएमआय ३० ते ३५ असेल तर मर्यादा २५ टक्क्यांनी, ३५ ते ४० असेल तर ३० टक्क्यांनी आणि ४० च्या वर ४० टक्क्यांनी खाली आणावी. तुमच्या आईंसाठी १२५ चे होतात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. १०८ त्याच्या वर आहे. तुमचे दुसरे डॉक्टर हेच म्हणत असणार. बीएनपीचंही तसंच आहे. धाप लागून इमर्जन्सीत आलेल्यांत १०० ची रेषा वापरतात. दहातले नऊ रुग्ण पकडायचे तर बीएमआय ३५ च्या वर ती रेषा ५४ पर्यंत खाली आणावी लागते, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आलं होतं. प्रयोगशाळेचा कागद यातलं काही छापत नाही. तिथे एकच आकडा सर्वांना.

पण सावध राहा, १०८ म्हणजे हार्ट फेल्युअर आहेच असंही नाही. वय वाढलं, किडनी मंदावली, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, असली, की आकडा नुसताच चढतो. खाली आणलेल्या रेषेचा अर्थ एवढाच की "नाही" म्हणायला आधार उरला नाही.

लक्षणांचंही तसंच. उताणं झोपल्यावर धाप, वाकल्यावर धाप, पायाला सूज, ही आमच्या पुस्तकातली हार्ट फेल्युअरची लक्षणं. नुसत्या वजनानेही ती होतात. पोटाचा भार छाती-पोटामधला पडदा वर ढकलतो. मानेतली शीर पाहून उजव्या बाजूचा दाब ताडायचा, तर जाड मानेत ती दिसत नाही. म्हणजे हाताने तपासणं लंगडं, रक्ताचा आकडा लंगडा, इको धूसर. तिन्ही एकाच वेळी, आणि तेही अशा लोकांत ज्यांना हा आजार होण्याचा धोका जास्त. २००२ च्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात लठ्ठ व्यक्तींमध्ये हार्ट फेल्युअरचा धोका साधारण दुप्पट निघाला होता. हे मला फार खुपतं.

वापरण्याजोगं एक साधन आहे, एच-टू-एफ-पेफ स्कोअर, मेयो क्लिनिकच्या गटाने २०१८ मध्ये दिलेला. त्यात रक्ताचा हा आकडा लागतच नाही. बीएमआय ३० च्या वर असेल तर २ गुण, बीपीच्या दोन किंवा जास्त गोळ्यांना १, एट्रियल फिब्रिलेशनला ३, फुफ्फुसाच्या धमनीतला दाब ३५ च्या वर असेल तर १, वय ६० च्या वर १, ई बाय ई-प्राइम ९ च्या वर १. एकूण ९. शून्य-एक म्हणजे शक्यता फार कमी, सहा किंवा जास्त म्हणजे बरीच जास्त. दोन ते पाच ही मधली पट्टी. त्या पट्टीत अंदाज बांधत बसू नये, पुढची तपासणी करावी. इकोताईंनी मागितलेले आकडे आले की स्कोअर काढता येईल.


उत्तर ३ (उलट अनुभव असलेला)

माझी बाजूही ऐका, कारण माझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं.

माझं वय ५४, तेव्हा वजन १२१ किलो. धाप, दोन्ही पायांना सूज, रात्री घाबरं होऊन जाग. एका ठिकाणी मला पाहताक्षणी हार्ट फेल्युअर सांगितलं. रक्ताची तपासणी नाही, इको "पुढच्या वेळी". लघवीची गोळी सुरू झाली, नंतर तिचा डोस दुप्पट. मी अकरा महिने हृदय निकामी झालेला माणूस म्हणून जगलो. मुलीला उचलून घ्यायचो नाही. रात्री झोपताना मुलांच्या खोलीत डोकावून यायचो, का ते सांगायला नको.

सूज काही उतरेना. उभं राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग दुसरीकडे गेलो. त्या बाईंनी आधी माझ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली. अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम. त्याने पाय सुजतात, आणि ती सूज लघवीच्या गोळीने फारशी जात नाही. ती बदलली, तीन आठवड्यांत पायाची हाडं दिसायला लागली. झोपेची तपासणी झाली तर स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणं, तोही तीव्र. रात्रीचं घाबरं होणं हे त्याचंच होतं. मशीन लावून झोपायला लागलो. धाप थोडी राहिली म्हणून व्यायाम करताना कॅथेटरने, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत घातलेल्या बारीक नळीने, दाब मोजला. डाव्या बाजूचा दाब पायडल मारताना १९ पर्यंत गेला, २५ लागतो म्हणे. माझं हृदय ठीक आहे.

माझं म्हणणं इतकंच, वजन बघून "नाही" म्हणणं जितकं चुकीचं तितकंच वजन बघून "आहे" म्हणणं. त्या स्कोअरमध्येही बीएमआयचे २ गुण आहेतच, म्हणजे माझ्यासारखा माणूस काहीही न होता मधल्या पट्टीत जाऊन बसतो. ताई, आईच्या बीपीच्या गोळ्यांत अ‍ॅम्लोडिपिन आहे का बघा. ती घोरते का? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का?


उत्तर ४

वजन कमी केलं तर आपोआप कळेलच की. उतरलं आणि धाप गेली तर वजनाचीच होती. इतक्या तपासण्या कशाला? माझ्या मामांना असंच झालं होतं, चालायला लागले आणि बरे झाले.


उत्तर ५ (फिजिशियन)

मामा बरे झाले हे वाचून बरं वाटलं. पण या मार्गाने निदान होत नाही. हेफपेफ असलेल्या लठ्ठ रुग्णांचं वजन उतरलं तर त्यांचीही धाप कमी होते. २०२३ मध्ये आलेल्या स्टेप-हेफपेफ चाचणीत बीएमआय ३० च्या वरचे ५२९ रुग्ण होते, हार्ट फेल्युअर पक्कं झालेले. सेमाग्लुटाइड, म्हणजे वजन उतरवणारं इंजेक्शन, घेणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी १३.३ टक्के उतरलं, आणि लक्षणं व चालण्याची ताकद दोन्ही सुधारली. म्हणजे वजन उतरून बरं वाटलं याचा अर्थ हृदय ठीक होतं असा होत नाही. शिवाय ज्याला धाप लागते त्याला "आधी चाला, मग बघू" सांगणं म्हणजे जे जमत नाही तेच औषध म्हणून देणं. दरम्यान सूज असताना पाणी उतरवणारी गोळी, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधं, हे सगळं निदानाअभावी लांबतं. वजनाचा उपचार करावाच. निदान त्याच्या मागे रांगेत उभं करू नये.

उत्तर ३ मधल्या दादांशी मी पूर्ण सहमत. गोळ्यांची पिशवी ओतणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.


प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फाइल पुन्हा काढली. ई बाय ई-प्राइम ११. टीआरवरून काढलेला दाब ३२. लेफ्ट एट्रियम ५८ मिलिलिटर, पुढे "नॉर्मल". बीपीच्या गोळ्या टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलोल, अ‍ॅम्लोडिपिन नाही. घोरते, पण दिवसा झोप येत नाही. नाडी नियमित आहे.

स्कोअर मी असा काढला: वजनाचे २, गोळ्यांचा १, वयाचा १, ई बाय ई-प्राइमचा १. पाच. बरोबर आहे का?


उत्तर ६ (इको करणारी)

५८ म्हणजे भागून तीस. म्हणूनच नॉर्मल. उंचीच्या वर्गाने भागलं तर २५ येतात आणि बायकांमध्ये त्या पद्धतीची रेषा १६.५ आहे. ताई, ही कर्णिका मोठी आहे. डॉक्टरांना दाखवताना या आकड्यावर बोट ठेवा.


उत्तर ७ (फिजिशियन)

पाच बरोबर. मधल्या पट्टीची वरची कड. पुढच्या भेटीत एकच गोष्ट मागा: श्रम करताना दाब मोजणं. बसलेल्या, विश्रांती घेतलेल्या माणसाचा दाब पाहून जिन्यातली धाप समजणार नाही. सायकलवर इको करता येतो. त्यात ई बाय ई-प्राइम १५ आणि टीआरचा वेग सेकंदाला ३.४ मीटरच्या वर गेला तर बाजू पक्की होते. पण आईंची विंडो खराब आहे, हलताना ती आणखी बिघडेल. त्यापेक्षा उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन, पायडल मारत. विश्रांतीत वेज प्रेशर (या नळीने मिळणारा हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज) १५ किंवा जास्त, किंवा श्रमात २५ किंवा जास्त, तर निदान झालं. त्यांना एक सांगा, वाचन श्वास सोडल्याच्या शेवटी घ्यावं. जड छातीत श्वासागणिक दाब फार हेलकावे खातो आणि मशीनने काढलेली सरासरी फसवते.

सोबत एका कागदावर जे इथे लिहिलंत ते तसंच लिहून न्या. वळणावरचं थांबणं, चपलेचा पट्टा, तीन उशा, अंगठ्याचा खड्डा. आई "तशी बरी आहे" म्हणाल्या तरी कागद पुढे करा.


प्रश्नकर्ती (सात आठवड्यांनी)

उशीर झाला, पण सांगायचं होतं.

कागद नेला. डॉक्टरांनी पूर्ण वाचला. आईकडे वळून विचारलं, "जिन्यात थांबता तेव्हा हिच्याशी काय बोलता?" आई हसली आणि मग तिचे डोळे भरले. त्या दिवशी पहिल्यांदा तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की तिला भीती वाटते.

कॅथेटरायझेशन परवा झालं. मानेतल्या शिरेतून नळी घातली, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. मी काचेच्या पलीकडे होते आणि तिथल्या सिस्टर मला आकडे सांगत होत्या. आडवी असताना वेज १४. माझं काळीज खाली गेलं. वाटलं, झालं, आता पुन्हा "सगळं नॉर्मल". मग तिचे पाय उचलून पायडलवर ठेवले. नुसते ठेवले, अजून फिरवले नव्हते, तरी २० झाला. दोन मिनिटं सर्वांत हलक्या भारावर पायडल मारले आणि ३१. आईने हात वर केला, थांबा म्हणून. सिस्टर म्हणाल्या, "हाच तुमचा जिना."

हेफपेफ आहे. लघवीची गोळी आणि एम्पाग्लिफ्लोझिन सुरू झालंय. झोपेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. वजनासाठीच्या इंजेक्शनबद्दल त्यानंतर बोलू म्हणाले.

आजार पक्का झाला आणि तरी घरात सुटल्यासारखं वाटतंय, हे विचित्र आहे. आईने काल फोनवर मावशीला सांगितलं, "अगं, हृदयात दाब चढतो माझ्या." पहिल्या डॉक्टरांकडून आल्यावर जे म्हणाली होती ते पुन्हा म्हणालेली नाही.

एक शेवटचा प्रश्न. पुढे एनटी-प्रोबीएनपी पुन्हा करायचा का? तो तर तिच्या बाबतीत गप्पच बसतो.


उत्तर ८ (फिजिशियन)

करायचा. छापील १२५ शी ताडू नका, तिच्या स्वतःच्या १०८ शी ताडा. उद्या तो १९० आला आणि कुणी म्हणालं "फार नाही", तर १०८ चा कागद पुढे ठेवा. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा आणि दर वेळी त्या दिवसाचं वजन शेजारी लिहा, कारण वजन बरंच उतरलं तर हा आकडा त्यामुळेही थोडा हलू शकतो. आणखी एक, कधी सॅक्युबिट्रिल (हार्ट फेल्युअरचं एक औषध) असलेली गोळी सुरू केली तर बीएनपी नको, एनटी-प्रोबीएनपीच करा. त्या गोळीने बीएनपी आपोआप वर जातो.

सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या वर चढलं तर वाट न बघता फोन. आणि मोज्याची खाच रोज बघत जा.


प्रश्नकर्ती

बघते आहे. आज संध्याकाळी फक्त रेघ होती.